आईच्या सुट्टीतली मावशी

घरच्यांकडे राहू न शकणाऱ्या मुलांसाठी एका संस्थेनं चालवलेल्या ज्या घरात मी जाते, त्याचं नाव इथे लिहिणार नाही, गावाचंही नाही. गोव्यातला फोंडा तालुका, एवढं पुरे. अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही छापलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कायदा नसता तरी लिहिलं नसतं. गावाला आधीच नको तेवढ्या चौकशा असतात. तर इथे कुणाला नाव नाही. थोरली, धाकटा, तिसरीतला, असंच वाचा.

माझं काम म्हणजे घरची आई, म्हणजे मुलांसोबत राहायला संस्थेनं नेमलेली बाई, सुट्टीवर गेली की तिच्या जागी राहायला जायचं. कधी चार दिवस, कधी आठ-दहा. संस्थेच्या कागदावर माझ्या पदाला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे, मुलं मावशी म्हणतात. त्याआधी बरीच वर्षं फोंड्याच्या बसस्टँडजवळ माझी खानावळ होती. दुपारी साठ-सत्तर पानं उठायची. मग गुडघ्यांनी हात टेकले, जागेचं भाडं वाढलं, आणि एका ओळखीच्या बाईनं विचारलं, आठ मुलांचं घर चार दिवस सांभाळशील का? मी म्हटलं, आठ म्हणजे काय, डाव्या हाताचं काम.

साठ पानांचा स्वयंपाकच सोपा असतो. हुमण एक, सुकं एक, सोलकढी एक. ज्याला नको त्यानं पुढच्या खानावळीत जावं. इथे आठ पानं आणि आठांचे आठ नखरे, आणि ते नखरे चालवून घेणं हेच इथलं खरं काम. तिसरीतला आला तेव्हा त्याला नखराच नव्हता. काय खाणार विचारलं की "कितेंय चलता" म्हणायचा. भेंडी? चलता. कारलं? चलता. मोठ्या होममध्ये रांगेत ताट धरून वाढलेला मुलगा, त्याला 'काय हवं' हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पुढे कधीतरी एका दुपारी त्यानं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "म्हाका दुदी नाका." आईनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं. तिच्या आवाजावरून वाटलं पोराचा पहिला नंबर आला.

जाताना आई माझ्यासाठी एक वही ठेवून जाते. शाळेची दोनशे पानी, पाठीमागे पाढे छापलेली. नावं गाळून त्यातलं थोडं देते:

"थोरलीला बांगड्याचं डोकं. मागणार नाही, आपण वाढायचं."

"तिसरीतला दूध तुळशीत ओततो. ओरडू नये. तुळस मी पुढच्या अंगणात नेली आहे."

"धाकट्याला रात्री एकदा उठवणे, मोठा दिवा लावू नये. चादर ओली झाली तर बदलून टाकणे, सकाळी विषय नको."

"सातवीतली घरच्यांशी फोनवर बोलली की नंतर तासभर गप्प असते. जेवण झाकून ठेवणे, हाका मारू नये."

"बाहेरून कडी कधीही नाही. खेळातसुद्धा नाही."

या शेवटच्या ओळीचं कारण वहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही. मुलानं कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीच्या फायलीत प्रत्येक मुलाची कथा असते, पण ती फाईल आईनं वाचलेली असते आणि मला तिच्यातलं लागेल तेवढंच मिळतं. हे बरोबर आहे. बदलीवर येणाऱ्या बाईला मुलाचं सगळं पूर्वायुष्य कळायची गरज नाही, कडी घालायची नाही एवढं कळलं की झालं.

धाकट्याचा डबा हे त्या वहीतलं मोठं प्रकरण. तो नवीन आला तेव्हा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी हॉर्न वाजवत आला की पाव मोजून घेतले तरी कमी पडायचे. आठवड्यानं गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली उंडे पाव, हिरवी बुरशी आलेले, एक चपाती, अर्धा लाडू. पोट भरलेलं असताना. मी ऐकलेल्या एका ठिकाणी अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करून चोर म्हणाले होते. आमच्या आईनं काय केलं, तर एक स्टीलचा डबा आणला, त्यावर त्याचा फोटो चिकटवला आणि त्याच्या उशाशी ठेवला. नियम दोनच. डब्यात कायम काहीतरी खायचं असणार, आणि तो त्याच्याशिवाय कुणी उघडायचा नाही. रिकामा झाला तर मागायलाही लागायचं नाही, सकाळी भरलेला दिसेल. पहिले काही महिने तो रात्री तीन-तीनदा उठून झाकण उघडून बघायचा. मी असताना मुंग्या झाल्या, तर मी खानावळीच्या सवयीनं डबा थेट धुवायला उचलला. त्यानं आधी माझा हात पकडला आणि मग स्वतः उघडून दिला. आता त्यात क्रिकेटवाल्यांची स्टिकरं असतात, एक भोवरा, आणि तळाला दोन बिस्किटं. स्टिकरं त्याची, बिस्किटं आई बदलते.

हे शंभर मुलांच्या होममध्ये होत नाही. तिथली माणसं वाईट असतात असं नाही. शंभर डबे भरणार कोण? गोव्यात 'मुलांचं होम' म्हटलं की बहुतेकांना मेरशीचं अपना घर आठवतं, फोंडेकरांना मातृछाया. आम्ही ज्याला घर म्हणतो ते त्याहून लहान प्रकरण आहे. एका आवारात चार बैठी घरं, प्रत्येकात आठ मुलं आणि एक आई. मुलगे-मुली एकत्र, पाच वर्षांपासून सतरापर्यंत. भावंडं एकाच घरात. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण मोठ्या व्यवस्थेत मुलांचं होम वेगळं, मुलींचं वेगळं, तान्ह्यांचं शिशुगृह वेगळं, म्हणजे आईवडील गमावलेल्या तीन भावंडांची तीन ठिकाणी पाठवणी.

मुख्य म्हणजे घरखर्चाचे पैसे आईच्या हातात असतात. मेमध्ये ती स्वतः पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरते. सुकी सुंगटां, सोलां, उकडे तांदूळ, चिंचेचे गोळे, मीठ. दोन मोठ्या मुलांना बाजारात घेऊन जाते, आणि ती भाव करायला शिकतात. टेंडरनं तांदूळ येतो तिथे पुरुमेंत नसतं, आणि तिथून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाला अर्धा किलो साखर किती दिवस पुरते हे माहीत नसतं.

ही पद्धत आपल्याकडची नाही. ऑस्ट्रियात, इम्स्ट नावाच्या गावात १९४९ मध्ये हेरमान ग्माइनर यांनी युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी पहिलं असं बालग्राम उभं करायला घेतलं. त्यांच्या संघटनेचं नाव एसओएस. आई, भावंडं, घर आणि गाव अशी बालग्रामाची चार सूत्रं. भारतात १९६० च्या दशकात फरिदाबादजवळ ग्रीनफील्ड्स इथे पहिलं एसओएस बालग्राम आलं. महाराष्ट्रातल्या वाचकांना लातूरचं माहीत असेल, ते १९९३ च्या भूकंपानंतरचं. आमची संस्था त्यांची नाही, पण आराखडा तिथूनच उचललेला. आता आपल्या कायद्यातही अशा कुटुंबासारख्या सोयीला जागा आहे, ग्रुप फॉस्टर केअर म्हणतात.

त्याच चळवळीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण या विषयावर लिहिणारे ती बहुधा गाळतात. २०२१ मध्ये एसओएसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपल्या काही बालग्रामांत मुलांवर अत्याचार झाल्याचं मान्य करून माफी मागितली. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या संस्थेनं उघड केलं की खुद्द ग्माइनर यांच्यावरच मुलांच्या शोषणाचे आरोप होते. आणि आपण गोवेकरांनी तर याबाबतीत परक्याकडे बोट दाखवूच नये. मडगावात मुलांचा आश्रम चालवणाऱ्या एका इसमाला १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, ते पेपर आठवतात. पुढे २००३ मध्ये गोव्यानं स्वतःचा बाल कायदा केला, मुलांसाठी वेगळं न्यायालय आणलं.

मला यातून एवढंच दिसतं की लहान घराला दार असतं, आणि दार लागलं की आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही. मोठ्या होममध्ये निदान दहा माणसं इकडेतिकडे फिरत असतात. इथे एक बाई आणि आठ मुलं. ती बाई चांगली असेल तर याहून चांगलं काही नाही. दमलेली, चिडलेली, एकटी पडलेली असेल तर मग काय, हा विचार करायला नको वाटतो.

म्हणून मी आता मूळ मुद्द्यावर येते. या घरांचं सगळं त्या आईवर उभं आहे, आणि तिचा विचार कुणी करत नाही.

आमची आई पेडण्याची. चाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, गावी म्हातारी आई आणि भाऊ-भावजय. ती चोवीस तास कामावर असते. झोपते तीसुद्धा धाकट्याच्या खोलीचं दार उघडं दिसेल अशी. पहाटे पाचला उठते, दोन डबे शाकाहारी, सहा मासळीचे. मुलं बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसली की पंचायतीत दाखला, शाळेत पालकसभा, कुणाला दातदुखी. दोघी बहिणी ख्रिश्चन आहेत, तर रविवारी त्यांना चर्चमध्ये सोडून परत आणायचं. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नाताळला शेजारच्यांकडून कुसवाराचा फराळ येतो त्याचं ताट रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून नेवऱ्या करायच्या. शिवाय प्रत्येक मुलाचा अहवाल लिहायचा, समितीपुढे तारखा असतात. एवढ्यावर पगार किती, तर मी खानावळीत हाताखालच्या बाईला देत होते त्याहून फार वर नाही. महिन्याला चार सुट्ट्या, त्या साठवून घ्यायच्या.

तिच्याआधी एक आई होती. तिचं लग्न ठरलं आणि ती गेली. तिनं लग्न करू नये असं कोण म्हणेल? पण सातवीतलीनं तेव्हापासून कुणाला आई म्हटलेलं नाही. आताच्या आईला ती "अगो" म्हणून हाक मारते. सगळं सांगते, भांडते, तिच्या साडीला हात पुसते, पण आई म्हणत नाही. आई त्यावर काही बोलत नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "काकी, तिनं एकदा म्हणून बघितलंय ना."

गेल्या वर्षी एक गृहस्थ देणगी द्यायला आले. चांगला माणूस, मुलाच्या बारशाच्या निमित्तानं आलेला. व्यवस्थापकांनी सांगितलं, आईंच्या पगारात आणि भविष्यनिर्वाह निधीत भर घालायचीय, त्यासाठी द्या. ते म्हणाले, "पगारासाठी नको हो, मी मुलांसाठी देतो." आणि आठ दप्तरं देऊन गेले. मुलांकडे दप्तरं होती. मुलांकडे नव्हती ती पुढची पाच वर्षं टिकेल अशी बाई.

आणि म्हाळाचे दिवस! त्या पंधरवड्यात आमच्याकडे जेवणं घालायला रांग लागते. पितरांच्या नावानं अनाथांना अन्नदान. गेल्या खेपेस मी तिथे होते तेव्हा एका आठवड्यात चारदा खीर-वडे आले. लोक मुलांना ओळीत बसवतात, वाढतात, मोबाईल काढतात. मग मला फोटो कायद्यात बसत नाही हे सांगावं लागतं आणि त्यांची तोंडं पडतात. एका बाईंनी तर थोरलीच्या समोरच विचारलं, "यातली खरी अनाथ कुठली?" थोरली म्हणाली, "आज मी." आणि आणखी एक वडा घेतला. मी तोंडाला पदर लावून आत गेले.

खरं उत्तर असं की आमच्या आठांत आईवडील दोघंही नसलेली दोनच आहेत. बाकीच्यांचं कुणीतरी आहे. कुणाची आई आजारी, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाच्या घरी दारू आणि मारहाण, कुणाचे आईबाप बांधकामावरून दुसऱ्या साईटवर गेले ते गेले. कायदा सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मिशन वात्सल्य योजनेत मुलाला आपल्याच माणसांकडे ठेवण्यासाठी महिन्याला ४००० रुपये मिळू शकतात. आमच्या शेजारच्या घरातला एक मुलगा तसा आजीकडे परत गेला. त्याची आई, म्हणजे त्या घरची आई, दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी आजीला फोन करून सांगत होती की त्याला अंड्यातलं पिवळं आवडत नाही. चांगलं काम केलं की मूल जातं, अशी ही नोकरी.

थोरलीचं वेगळं. तिला परत जायला जागा नाही. सहा वर्षांची असताना आली, आता सतरा. पुढच्या वर्षी कायद्यानं सज्ञान. अठरापासून एकवीसपर्यंत मदतीची तरतूद कायद्यात आहे, त्यावर ती मुलींच्या वसतिगृहात राहून नर्सिंग करेल असं चाललंय. पण सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. तिची सख्खी आई बांधकामावर होती, त्या आधीच्या वर्षांचा एकही कागद नाही. म्हणजे मराठी शाळेत शिकलेली, कोंकणीत भांडणारी, बांगड्याचं डोकं खाणारी ही मुलगी कागदावर फक्त अकरा वर्षांची गोवेकर. आई त्या दाखल्याच्या मागे आत्तापासून लागली आहे.

आणि सुट्टीत ती कुठे जाईल, हा प्रश्न थोरलीनंच मला विचारला. वसतिगृह दिवाळीत बंद होतं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "कुठे म्हणजे? इथेच. तिचं कपाट मी कुणाला देणार नाही." संस्थेच्या नियमात कपाट बसतं की नाही हे मला माहीत नाही, पण आईनं किल्ली आपल्या जुडग्यात अडकवून ठेवलीय. आणि ती आई स्वतः तोवर तिथे असेल का, हे तिच्या गुडघ्यांवर, तिच्या पेडण्याच्या आईच्या तब्येतीवर आणि तिच्या पगारावर अवलंबून आहे.

म्हणून मला वाटतं, आईची सुट्टी ही चैन नाही, घराच्या भिंतीइतकी गरजेची गोष्ट आहे. एक तर ती विश्रांती घेते. दुसरं, दुसरी बाई घरात येते, तिच्या नजरेला काही पडतं. मुलं मला आईबद्दलच्या तक्रारी सांगतात ("आई ओरडली", "आईनं मोबाईल काढून घेतला"), आणि आईला माझ्याबद्दलच्या सांगतात (मी आमटीत गूळ घालते हे त्यांना पसंत नाही). ह्या चुगल्या मला फार मोलाच्या वाटतात. ज्या घरात चुगली करायला दुसरं कुणी नाही, तिथे मला भीती वाटेल.

पण चार घरांना मिळून आम्ही मावश्या दोघीच. दुसरीच्या सुनेला बाळ झालं, ती डिसेंबरपर्यंत येणार नाही. यंदा चवथीला आईला पेडण्याला जायचं आहे. तिच्या आईनं सांगितलंय की ही कदाचित शेवटची चवथ. आणि त्याच दिवसांत बाजूच्या घरच्या आईलाही रजा हवी आहे. मी दोन घरांत एकदम राहू शकत नाही, माटोळीला दोन शिड्यांवर एकदम चढू शकत नाही.

तर फोंडा-बांदोडा-मडकई भागातल्या कुणाला जमत असेल तर विचार करा. कुठल्याही नोंदणीकृत घरात विचारा, आमच्याच असं नाही. सगळ्यांकडे हीच ओढाताण आहे. पोलीस पडताळणी होते, डॉक्टरी तपासणी होते, दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं. शिक्षणाची मोठी अट नाही. स्वयंपाक यायला हवा, झोप हलकी हवी, आणि "तुमी आमची आई न्ही" हे ऐकून घ्यायची तयारी हवी, कारण ते पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं. पहिले काही आठवडे आई घरात असतानाच जायचं असतं. नाव त्यालाही प्रशिक्षणाचंच आहे, खरं तर तेवढ्या वेळात मुलं तुम्हाला पारखून घेतात. पैसे फार मिळत नाहीत, पण जेवण आपणच केलेलं असतं. आणि आमटीत गूळ घालत असाल तर आधीच सांगते, तिसरीतला बोलून दाखवेल.